कोर्स मोबाईलवर, पण बसायचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 2040 सालापर्यंतच्या ऑनलाइन शिक्षणाच्या भवितव्यावर दोन पाने आली होती. आमच्या वाचनालयात पुरवणी फलकावर लावायची पद्धत आहे, त्यामुळे ती माझ्याबरोबर अभ्यासिकेतल्या पोरापोरींनीही वाचली. लेख माहितीपूर्ण होते. डोळ्यांवर यंत्र चढवून हृदयाच्या कप्प्यांतून हिंडणारा विद्यार्थी, ज्याच्या त्याच्या वेगाने शिकवणारा यंत्रगुरू, गावात राहून परदेशातली पदवी, सगळे त्यात होते. वर एक रंगीत चित्र होते: मांडीवर लॅपटॉप घेऊन ढगावर बसलेला मुलगा. माझे हे पत्र त्या ढगाबद्दल आहे.

आमच्या तालुक्यात ढग मुळात कमी येतात. आले तरी त्यांच्यावर कुणाला बसता येत नाही. मुलगा कुठल्या तरी खोलीतच बसणार. ती खोली कुणाची, तिथे पंखा फिरतो का, दार किती वाजेपर्यंत उघडे असते, शेजारी कोण बसलेले असते, आणि मुलगी असेल तर तिला तिथे बसू देतात का, यावर शिकणे होणार की नाही ते ठरते. दोन पानांत ही खोली कुठेच नव्हती, म्हणून लिहायला घेतले.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. सरकारी भाषेत आम्ही 'शासनमान्य, ब वर्ग'. पुढच्या दालनात वर्तमानपत्रे, मग देवघेवीचा काउंटर, आणि सर्वांत मागे एक लांबट खोली. तिथे पूर्वी जुन्या दिवाळी अंकांचे आणि बांधणीला काढलेल्या पुस्तकांचे गठ्ठे असायचे. आता तिथे अभ्यासिका आहे. भिंतीकडे तोंड करून टेबले, मध्ये प्लायवूडच्या आडव्या फळ्या, प्रत्येकाला एक प्लगपॉइंट. महिना दोनशे रुपये. गावात खासगी अभ्यासिका तीन आहेत, त्यांचे दर आमच्या दुप्पट-तिप्पट, पण तिथे एसी आहे. आमच्याकडे दोन खिडक्या आहेत.

पोलीस भरतीवाले, तलाठीवाले, एमपीएससीवाले, बँकवाले, अलीकडे नीटवालेही इथे येतात. 2023 च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. त्या दहा लाखांतले बरेच जण महाराष्ट्रभर अशाच खोल्यांतून बसलेले होते, आणि आजही बसलेले आहेत. टेबलावर राज्यघटनेचे जाडजूड पुस्तक असते, पण ते उघडलेले नसते. ते उभे केलेले असते आणि त्याला मोबाईल टेकवलेला असतो. कानात हेडफोन. पुण्यातले कुणी सर पंचायतराज शिकवत असतात, दीडपट वेगाने. मध्येच मोबाईल थांबवून वहीत दोन ओळी, पुन्हा सर सुरू. टेलिग्रामवर पीडीएफ येते, रविवारी टेस्ट सिरीजचा पेपर सुटतो, रात्री निकाल लागतो, राज्यात आपला नंबर कितवा तेही कळते. एकदा त्या सरांपैकी एक जण खरोखरच तालुक्याला व्याख्यानाला आले होते. आमची पोरे हौसेने गेली आणि परत येऊन म्हणाली, "सर लई हळू बोलतात मॅडम." दीडपट वेगाचाच आवाज त्यांना खरा वाटत होता.

हे ऑनलाइन शिक्षण नाही तर दुसरे काय? त्याच्या भविष्याची कल्पना करायला इतके लांब कशाला जायचे? ते आमच्याकडे महिना दोनशे भरून बसलेले आहे.

आता प्रश्न असा की, सर मोबाईलवर आहेत आणि मोबाईल खिशात आहे, तर ही मुले इथे येतात कशाला? मी हे बऱ्याच जणांना विचारले आहे. मुलांची उत्तरे साधारण सारखी असतात. घरी एकच खोली, टीव्ही चालू असतो, पाहुणे येतात, म्हैस सुटते. एकाने सांगितले की घरी पुस्तक हातात असले तर आई काम सांगत नाही, पण मोबाईल हातात दिसला की लगेच सांगते, कारण तिच्या लेखी तो रिकामा असतो. या एका वाक्यात मला तरी बरेच काही सापडले. शिकणे आणि वेळ घालवणे बाहेरून सारखेच दिसते, ही ऑनलाइन शिक्षणाची पहिली अडचण. इंटरनेटचा वेग त्यानंतर येतो.

मुलींचे उत्तर निराळे असते. एकीने सांगितले, "घरी फोन घेऊन बसलं की भाऊ मागून येऊन बघतो. इथं कोणी बघत नाही." तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हताच, भावाचा जुना होता, तोही दुपारी बारा ते चार. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शिक्षण-पाहणीचा 2024 चा ग्रामीण भागाचा अहवाल बघा. 14 ते 16 वयाच्या मुलामुलींपैकी 82 टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. पण वापरता येणाऱ्या मुलांपैकी 36 टक्क्यांकडे स्वतःचा फोन आहे, मुलींत तेच प्रमाण 27 टक्के. आणि आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरल्याचे 57 टक्क्यांनी सांगितले, समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी. हे आकडे वाचून 'फोन नसणारे' आणि 'फोन वाया घालवणारे' असे दोन गट तयार करायचा मोह होतो. मला मात्र त्यात ती बारा ते चारवाली मुलगी दिसते. तिला टॅब दिला तरी तो घरात गेल्यावर कुणाच्या हातात जाईल हे मी सांगू शकते. तिला खुर्ची दिली तर ती तिचीच राहते, कारण खुर्ची घरी नेता येत नाही.

2023 च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्यानंतर आमच्याकडे आसपासच्या वाड्यांतून मुली यायला लागल्या. मी स्वतः हे रजिस्टरवर पाहिले आहे. ऑनलाइन शिक्षणाच्या कुठल्याही आराखड्यात एसटीच्या तिकिटाचा उल्लेख नसेल, पण आमच्या तालुक्यात त्या एका निर्णयाने जेवढे ऑनलाइन शिक्षण वाढले तेवढे कुठल्या ॲपने वाढवलेले मला माहीत नाही. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास तर त्याहून स्वस्त पडतो, पण त्याला शाळा-कॉलेजचा दाखला लागतो. घरून शिकणाऱ्या, मोबाईलवर शिकणाऱ्या मुलीने बोनाफाईड कुणाकडून आणायचे? यात एसटीचा दोष नाही. शिकणारा माणूस म्हणजे शाळेत नाव असलेला माणूस, असेच आपण सगळीकडे धरून चाललो आहोत. ऑनलाइन शिकणारा सरकारी नोंदीत बेकार असतो, आणि घरच्यांच्या नोंदीतही.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. अभ्यासिकेत बोलायला बंदी आहे, म्हणून शंका मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ सुटतात. तिथे एक काळा फळा मी मुद्दाम टांगून ठेवला आहे. वेग-वेळ-अंतराची गणिते, शेकडेवारी, इंग्रजीतले ते काळ. सरांचा व्हिडिओ चार जणांनी चार टेबलांवर पाहिलेला असतो, पण गणित सुटते टाकीपाशी, कारण तिथे एकाने "थांब, इथं तू भागिलं का घेतलंस?" असे विचारलेले असते. जगातही काही वेगळे घडलेले नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2011 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग इंटरनेटवर सर्वांना खुला केला, तेव्हा 1,60,000 जणांनी नावे नोंदवली. शेवटपर्यंत टिकले ते 23 हजारांच्या आसपास. ते अभ्यासात कच्चे होते असे मला वाटत नाही. त्यांच्याजवळ टाकी नव्हती.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे कळत होते. 1975-76 साली अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन इस्रोने सहा राज्यांतल्या 2,400 गावांत शिक्षणाचा टीव्ही नेला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारचे गुलबर्गा, विजापूर, रायचूर होते. गावात टीव्ही एकच, बहुतेक ठिकाणी शाळेत. पोरे आणि मोठी माणसे एकत्र बसून बघायची. पुढे घरोघरी टीव्ही आले आणि त्यावर शिक्षण किती उरले ते आपण जाणतोच. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी गावोगाव फिरत्या ग्रंथपेट्या पाठवल्या, त्याही कुणा एका घरासाठी नव्हत्या, सगळ्या गावासाठी होत्या.

मी स्वतः बी.लिब. केले ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून, लग्नानंतर. 1989 साली निघालेले हे विद्यापीठ, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. गंगा घरी आली खरी, अभ्यासकेंद्रातून मिळालेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याच्या रूपाने. पुस्तके चांगली होती, आपले आपण शिकता यावे अशीच लिहिलेली. पण पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याचे दशांश वर्गीकरण मला कळले ते एका रविवारच्या संपर्क सत्रात, शेजारी बसलेल्या माजलगावच्या बाईंनी माझी वही ओढून घेऊन तीनदा खाडाखोड केली तेव्हा. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी दूरशिक्षण उभे केले तेव्हा त्यात अभ्यासकेंद्र नावाचा खराखुरा बाक ठेवला होता. आता नव्याने जे 'डिजिटल विद्यापीठ' वगैरे बोलले जाते त्यात हा बाक खर्च वाचवण्यासाठी पहिला उचलला जाईल अशी मला भीती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल. चांगले झाले. पदवी बरोबरीची झाली, आता बाकाचेही बघा.

कोरोनाच्या दोन वर्षांबद्दल इतके लिहून झाले आहे की मी भर घालत नाही. एवढेच म्हणते की त्या काळातल्या मला आवडलेल्या कल्पना इंटरनेटवरच्या नव्हत्या. सोलापूरच्या नीलमनगर भागात एका शाळेने वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते. पोरे अंतर ठेवून भिंतीपुढे उभी राहून शिकली.

आता पुरवणीतल्या त्या यंत्रगुरूविषयी. मी त्याच्या विरोधात नाही, हे आधी सांगते. आमच्याकडे एक विवाहित मुलगी येते, दहावीनंतर शिक्षण सुटलेली, सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसणार आहे. तिला शेकडेवारी कळत नव्हती. ती मोबाईलवर त्या यंत्राला मराठीत बोलून विचारते, पुन्हा विचारते, परत तेच विचारते. मला म्हणाली, "मॅडम, ते चिडत नाही." शाळेत तिला कोण काय बोलले असेल ते मी विचारले नाही. ज्याला कुणी चिडल्याशिवाय कधी काही सांगितलेले नाही, त्याच्यासाठी ही केवढी गोष्ट आहे हे पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांना कदाचित कळणार नाही.

पण त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलाने जिल्ह्याच्या सामान्यज्ञानाचे प्रश्न त्याच यंत्राकडून तयार करून घेतले होते. त्यात लिहिले होते, बिंदुसरा ही भीमेची उपनदी. बिंदुसरा बीड शहरातून वाहते, सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. मी त्याला सांगितले तर पटेना. "ते इतकं ठाम सांगतंय मॅडम." मग कपाटातून जिल्हा गॅझेटिअर काढले, नद्यांचे प्रकरण उघडून टेबलावर ठेवले, आणि भिंतीवरचा नकाशा दाखवला. बालाघाटाचा डोंगर कुठे, पाणी कुठल्या बाजूला उतरते, भीमा कुठे राहिली. तो बराच वेळ नकाशावर बोट फिरवत होता. नंतर त्याने यंत्राला मराठीतच दटावले. यंत्राने लगेच माफी मागितली, त्याला त्याचीच जास्त गंमत वाटली. मुद्दा यंत्र चुकते हा नाही, छापील पुस्तकेही चुकतात. मुद्दा असा की मुलाच्या हाताशी गॅझेटिअर होते, नकाशा होता आणि तो काढून देणारे माणूस होते. 2040 साली यंत्र आजच्यापेक्षा हुशार झालेले असेल. बिंदुसरेबद्दलही त्याला नीट माहिती असेल. तरी त्याच्या ठामपणाला हटकणारे कुणीतरी खोलीत लागेल.

आणखी एक प्रसंग लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक शेतकरी काउंटरवर आले, फोन पुढे करून म्हणाले, "एवढं वाचून सांगा." इंग्रजीत संदेश होता, कर्जाचा हप्ता थकल्याचा. हे म्हणाले, कर्ज काढलेच नाही. खोदून विचारले तेव्हा उलगडले. मुलीच्या नीटच्या तयारीसाठी दोन टापटीप तरुण घरी येऊन टॅबसकट कोर्स विकून गेले होते. 'महिन्याला फी भरा' असे सांगितले होते. ती फी नव्हती. कोर्सची सगळी रक्कम एका वित्त कंपनीने कोर्सवाल्यांना आधीच देऊन टाकली होती आणि हे गृहस्थ त्या कंपनीचे कर्जदार झाले होते. मुलगी चार-पाच महिने शिकली, मग शंका विचारायचे तास बंद झाले. कोर्स थांबला तरी कर्ज थांबत नाही. आमच्या काउंटरवर बसून आम्ही त्या कराराची पाने वाचली. रद्द करायची मुदत पहिल्याच महिन्यात संपलेली होती.

इथे मला वाचनालय आठवते, कारण माझा तोच धंदा आहे. एक वर्तमानपत्र आम्ही घेतो आणि दिवसभरात पन्नास माणसे वाचतात. पुस्तक विकत घ्यायच्या आधी माणूस आमच्याकडे येऊन चाळून बघतो. मग ऑनलाइन कोर्सची वर्गणी वाचनालयाच्या नावाने का असू नये? माणसाने यावे, चार धडे बघावेत, शिकवणारा पटला तर पुढे जावे. कर्जाच्या करारावर कुणाच्या अंगठ्याची गरज नाही. शिवाय सरकारचेच ऑनलाइन अभ्यासक्रमांचे 'स्वयम्' 2017 पासून आहे, शाळेच्या धड्यांचे 'दीक्षा' त्याच वर्षीपासून आहे, बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत. शिकायला यातले काहीच विकत घ्यावे लागत नाही. पण फुकटच्या गोष्टी घरी येऊन सांगायला टापटीप तरुण येत नाहीत.

आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात, कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि कर्नाटकातही. पोरेही जातात. परत येईपर्यंत शाळेचे अर्ध्याहून जास्त वर्ष सरलेले असते. या मुलांसाठी ऑनलाइन शिक्षण असे ज्यांनी सुचवले त्यांनी उसाच्या फडात फोन चार्ज कुठे करायचा याचा विचार केला असेल अशी आशा आहे. ट्रॅक्टरवर होतो, पण रांगेत नंबर लावावा लागतो. मुकादमाचा फोन आधी. माझ्या डोक्यात वेगळेच काही आहे. निघण्याआधी मुलाने वाचनालयात यावे आणि सहा महिन्यांचे धडे फोनच्या छोट्या मेमरी कार्डावर उतरवून न्यावेत, जसे आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत चार पुस्तके जास्तीची देतो. देवघेवीच्या नोंदवहीत नोंद, परतीची तारीख, सगळे तसेच. रेंज असो नसो, धडा चालतो. आणि तिकडे गेल्यावर आमच्या वाचनालयाचे ओळखपत्र तिथल्या वाचनालयातही चालावे. कोल्हापूर संस्थानाने 1945 सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता, राज्याचा आपला कायदा 1967 चा. त्या भागातली वाचनालये आमच्यापेक्षा कितीतरी भरलेली आहेत. बीडच्या मुलीला वाळव्याच्या वाचनालयात रविवारी दोन तास बसता आले, तिथे फोन चार्ज करता आला, आधीचे धडे परत करून नवे नेता आले, तर मला 2040 ची आणखी काही कल्पना करायची नाही.

राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये सुमारे 11 हजार आहेत. काही नावालाच आहेत, हे मी जाणते आणि आमच्या क्षेत्रातले सगळे जाणतात. तरी इमारत, नोंदणी, समिती, एक माणूस, असा सांगाडा तयार आहे. केंद्राच्या 2023 च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी आणि किशोरांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली. त्यातच पंचायत आणि वॉर्ड पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालये उभारायला राज्यांना उत्तेजन देण्याचेही म्हटले होते. आपल्या पानांत घोषणेच्या पहिल्या भागावर एक पूर्ण चौकट होती, दुसऱ्या भागावर एक ओळही नव्हती. ग्रंथालयांचे अनुदान 2022 मध्ये 60 टक्क्यांनी वाढले, त्याबद्दल सरकारचे आभार. पण त्यातून पगार, वीज, वर्तमानपत्रे, पुस्तके भागवून इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची म्हटले की कार्यकारिणीची बैठक लावावी लागते, आणि बैठकीत पहिला ठराव नेहमी चहाचा असतो.

काय हवे आहे ते फार नाही. रात्री दहापर्यंत उघडे राहणारे दार आणि त्यासाठी आणखी अर्ध्या पगाराचे एक माणूस. गावात लाइट गेली तरी चालणारा राऊटर. 'स्वयम्'च्या परीक्षा आणि मुक्त विद्यापीठाच्या छोट्या चाचण्या तालुक्याच्या वाचनालयात देता याव्यात, म्हणजे एका पेपरसाठी छत्रपती संभाजीनगरला मुक्कामाला जावे लागणार नाही. ऑनलाइन शिकणाऱ्याला वाचनालयाने दाखला द्यावा आणि तो एसटीच्या खिडकीवर चालावा. आणि धडे मराठीत हवेत, नुसते स्पर्धा परीक्षांचे नकोत. मोटार वाइंडिंगचे, परिचारिकेच्या अभ्यासक्रमाचे, जीएसटीच्या नोंदींचे, शेळीच्या आजारांचे. आज मराठीत 'राज्यसेवा पूर्वपरीक्षा' असे शोधले तर शिकवणारे रांगेने उभे असतात. 'सबमर्सिबल पंपाचे वाइंडिंग' असे शोधले तर बहुतेक हिंदीतच सापडते. आमच्याकडे एक वायरमन रोज संध्याकाळी येऊन ते हिंदी व्हिडिओ बघतो आणि मराठीत वही लिहितो. ती वही मी त्याच्याकडे वाचनालयासाठी मागितली आहे. तो म्हणतो, अक्षर वाईट आहे.

'गावाला शिस्त नसते, खोली दिली तरी पोरे रील बघत बसतील' असे आमच्याच एका संचालकांचे मत आहे. बघतात, थोडी बघतातच. पण सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळे गाव टीव्ही-मोबाईल बंद ठेवते, पोरांच्या अभ्यासासाठी. ज्या गावाला मोबाईल एकत्र बंद करता येतो त्याला तो एकत्र चालू करून शिकताही येईल, असे मी त्या संचालकांना सांगितले. त्यांनी तो विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.

शेवटी आपल्या वाचकांना एक विनंती. पुण्या-मुंबईचे सद्गृहस्थ वाचनालयांना जुने लॅपटॉप पाठवतात. भावना चांगली असते, पण चार्जर नसतो, बॅटरी फुगलेली असते आणि पासवर्ड त्यांच्या अमेरिकेतल्या मुलालाच माहीत असतो. ते कृपया पाठवू नयेत. त्याऐवजी ज्यांना बारावीचे भौतिकशास्त्र, हिशेब किंवा परिचारिकांचा विषय मराठीत समजावून सांगता येतो त्यांनी आठवड्यातून एक वेळ पडद्यावर यावे. आम्ही प्रोजेक्टर लावू. मुले एकत्र बसून बघतील आणि शंका विचारतील, त्यामुळे बोलण्याचा वेग नेहमीचाच ठेवावा. मुलांसाठी संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ बरी पडेल. वाड्यांकडे जाणारी शेवटची गाडी सव्वासहाची आहे, म्हणून मुलींसाठी दुपारी तीनची वेगळी वेळ लागेल.

कळावे,
आपली,
एक ग्रंथपाल, जि. बीड
(संचालक मंडळही आपलेच दैनिक वाचते, तेव्हा नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)